मित्रासोबत उंच शिखरं चढायची आहेत. दोघंही मराठवाड्यातले, डोंगराची सवय नाही. सुरुवात कुठून करावी आणि दोघंच गेलं तर चालेल का?

दोघंच जाण्याचं आधी सांगतो. सह्याद्रीत मळलेल्या वाटेवर चालतं. बर्फात चालत नाही, तिथं त्या गावचा वाटाड्या सोबत हवाच. पण जोडीनं जाताना खरी अडचण वाट चुकण्याची नसते. एकाचा पाय दुसऱ्यापेक्षा जलद असतो, भांडणं तिथून सुरू होतात.

मी अंबाजोगाईचा. तेव्हा पोलीस भरतीची तयारी चालू होती, 1600 मीटर सव्वापाच मिनिटांत मारायचो आणि त्याची मस्ती अंगात होती. माझा मित्र, त्याला सगळे आप्पाच म्हणतात, त्याचं कृषी सेवा केंद्र. दिवसभर गल्ल्यावर बसणं, पोट सुटलेलं. दोघांनी मिळून पहिलाच डोंगर निवडला तो थेट कळसूबाई, म्हणजे 1646 मीटर, महाराष्ट्रात त्याच्यावर काही नाही. देवगिरी एक्स्प्रेसनं मध्यरात्रीनंतर नाशिक रोडला उतरलो, तिथून घोटी, घोटीहून बारी. बारी गावातून माथ्यापर्यंत आठ-नऊशे मीटरची उभी चढण आहे, मध्ये कड्याला लोखंडी शिड्या लावल्यात. मी पहिल्या अर्ध्या तासातच पुढं निघून गेलो. माथ्यावर पोचलो, कळसूबाईच्या देवळापाशी बसलो, फोटो काढले, चिवडा खाल्ला. तासभर झाला तरी आप्पाचा पत्ता नाही. पाणी प्यायला बॅग उघडली तर आत दोन बाटल्या. माझी आणि त्याची. सकाळी मीच मोठेपणानं म्हणालो होतो, "तुझं ओझं दे इकडं."

खाली उतरलो तर हा दुसऱ्या शिडीखाली सावलीत बसलेला, ओठ पांढरे पडलेले. शिव्या देईल असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "तू वर कामून गेलास रे, मला सोडून?" त्याला द्यायला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही.

तेव्हापासून आमचा नेम झाला. हळू चालणारा पुढं, जलद चालणारा मागं. पाणी, विजेरी आणि थोडं खाणं ज्याचं त्याच्या पाठीवर. चालता चालता बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. हे ऐकायला सोपं वाटतं, पण जलद पायाच्या माणसाला मागं चालणं फार जड जातं. तुमच्यातला तो कोण, हे घरीच ओळखून ठेवा.

आता सराव. आपल्याकडं डोंगर नाहीत ही अफवा आपणच पसरवलेली आहे. माझा सगळा सराव अंबाजोगाईच्या मुकुंदराजाच्या दरीत झाला. बालाघाटाचा तो उतार काही फार मोठा नाही, पण खाली-वर, खाली-वर चार वेळा केलं की मांड्या बोलायला लागतात. तुम्ही संभाजीनगरच्या बाजूचे असाल तर तुमची चैनच आहे: गोगाबाबा टेकडी रोजच्यासाठी, देवगिरी रविवारसाठी, आणि पाय तयार झाले की कन्नडकडं गौताळ्याच्या जंगलातला अंतूर किल्ला, नाहीतर सोयगावकडचा वेताळवाडी. देवगिरीचा डोंगर पायथ्यापासून साधारण दोनशे मीटर. म्हणजे एक कळसूबाई म्हणजे चार देवगिरी, किल्ल्यातल्या त्या अंधाऱ्या भुयारासकट. हा हिशेब डोक्यात ठेवला की आपण किती पाण्यात आहोत ते कळतं. पाठीवर सात-आठ किलो वजन घ्या. आम्ही आप्पाच्या दुकानातल्या ज्वारीच्या बियाण्याच्या पिशव्या भरून न्यायचो. लोक विचारायचे, डोंगरावर पेरणी करायलाव का? उतरण्याचा सरावही तेवढाच करा. गुडघे चढताना नाही, उतरताना जातात. आणि जायच्या दोन दिवस आधी पायाची नखं कापा. उतारावर अंगठा बुटाच्या टोकावर आपटतो, नख काळं पडून निघून येतं. माझं आलंय.

हा सगळा सराव पायांसाठी झाला. उंचीसाठी आपल्याकडं काहीच सराव नाही, आणि इथंच मराठवाड्यातला धडधाकट माणूस फसतो. विरळ हवेचा त्रास साधारण 2500 मीटरच्या वर सुरू होतो. कळसूबाई पन्नास वेळा चढलात तरी त्या उंचीला तुम्ही पोचलेलेच नसता. आपण परभणी-नांदेडकडं साडेतीनशे-चारशे मीटरवर राहणारी माणसं. वर गेल्यावर हवेतला प्राणवायू टक्क्यानं कमी होत नाही, तो तिथंही 21 टक्केच असतो. हवेचा दाबच कमी होतो, म्हणून एका श्वासात आत जाणारा प्राणवायू कमी पडतो. 3800 मीटरवर दाब समुद्रसपाटीच्या साधारण 62 टक्के उरतो. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला दिवस लागतात, आणि तुमच्या 1600 मीटरच्या वेळेशी त्याचं काही देणंघेणं नसतं. उलट पळणारा माणूस भराभर वर जातो आणि आधी आजारी पडतो.

हे मी केदारकंठ्याला शिकलो. उत्तराखंडात उत्तरकाशी जिल्ह्यात आहे, उंची सुमारे 3800 मीटर, डिसेंबरात बर्फ असतो आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांना झेपतो, म्हणून तिथं गर्दीही असते. पायथ्याचं गाव सांकरी, साधारण 1950 मीटरवर. पहिला मुक्काम जुडा का तालाब, 2700 च्या आसपास. दुसरा थेट 3400 च्या जवळ. बघा, एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत सातशे मीटर. 3000 च्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज 500 मीटरपेक्षा जास्त चढवू नये असा जाणकारांचा नियम आहे. तो मला तेव्हा माहीत नव्हता.

दुसऱ्या मुक्कामाला दुपारीच माझं डोकं धरलं. कपाळाच्या दोन्ही बाजूंना कुणी चिमट्यात पकडल्यासारखं. मी गुपचूप दुखण्याची गोळी घेतली. पैसे भरलेले, सुट्टी घेतलेली, आणि आप्पासमोर कबूल करायचं? संध्याकाळी तंबूत आप्पानं डबा उघडला. त्याच्या आईनं कडक भाकरी आणि कारळाची चटणी बांधून दिली होती. भाकरी मोडली की तंबूभर कर्र आवाज व्हायचा, वर चटणी, वर तेलाची धार, थंडीनं तेल थिजलेलं म्हणून तो बाटली आधी काखेत धरून बसायचा. त्यानं तुकडा पुढं केला. मी म्हणालो, नको, भूक नाही.

तो थांबला. विजेरी माझ्या तोंडावर मारली. "डोकं दुखायलंय ना तुझं? कधीपासून लपवायलास?"

मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "कारळाच्या चटणीला नाही म्हणलास. आता खरं बोल."

त्यानं वाटाड्याला बोलावलं. वाटाड्यानं मला बर्फ तुडवून सपाट केलेल्या जागेवर टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला लावलं. चाललो कसाबसा. झोक गेला असता, किंवा बसल्या जागी धाप लागली असती, तर त्याच रात्री अंधारात खाली नेलं असतं असं तो म्हणाला. मेंदूला सूज किंवा फुफ्फुसात पाणी, दोन्हींत उजाडायची वाट बघत नाहीत. मला उलटी झाली, डोकं दुखतच राहिलं. पहाटे तीनला बाकीचे विजेऱ्या लावून माथ्याकडं निघाले. त्यांच्या उजेडाची माळ वर सरकताना मी तंबूच्या फटीतून बघत होतो. आप्पाला वाटाडा म्हणाला, तू चल, हा इथं दुसऱ्या माणसाजवळ राहील. आप्पाला काही होत नव्हतं. त्यानं सकाळी बूट घातले आणि माझ्याबरोबर खाली उतरला. तळ्यापाशी येईपर्यंत डोकं असं उतरलं की जणू दुखलंच नव्हतं, आणि मग मला त्याचाच राग आला. म्हणजे जाता आलं असतं की! सांकरीपर्यंत मी आप्पाशी बोललो नाही. खाली उतरलो म्हणूनच बरं वाटलं, हे कळायला मला गाडीत बसेपर्यंतचा वेळ लागला.

म्हणून निघायच्या आधी एक गोष्ट बोलून घ्या. दोघांपैकी कुणीही "परत" म्हणालं की परत. कारण विचारायचं नाही, पैशांचा हिशेब काढायचा नाही. आणि डोकं, भूक, झोप, उलटी याविषयी रोज संध्याकाळी एकमेकांना विचारायचं, खोटं बोलायचं नाही. संभाजीनगरच्या मनीषा वाघमारे 2017 साली एव्हरेस्टचा माथा हाताशी आलेला असताना खराब हवेमुळं माघारी फिरल्या आणि 2018 साली पुन्हा जाऊन चढल्या. त्यांना परत फिरता येतं, तर केदारकंठ्यावरून फिरायला आपल्याला कसली लाज?

विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्स नावाची गोळी बरेच जण घेतात. ती डॉक्टरांना विचारूनच. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. तिनं लघवी वारंवार होते आणि बोटांना मुंग्या येतात, घाबरून जाऊ नका. पण गोळी घेऊन भराभर वर जायचं, असला प्रकार करू नका.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही परत गेलो, मधे एक दिवस जास्तीचा घेऊन. त्या दिवशी काहीच केलं नाही, थोडं वर चढलो, परत खाली येऊन झोपलो. या वेळी माथा झाला. आप्पा पुढं, मी मागं. वरून स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछ दिसतात, लोक त्यासाठीच जातात. मला मात्र आधी दहा मिनिटं बोटं बगलेत घालून नाचण्यापलीकडं काही सुचलं नाही.

थंडीचं सामान सगळं विकत घेऊ नका. बुटाला लावायचे काटे आणि पायावर चढवायची गेटर सांकरीत भाड्यानं मिळतात. बूट मात्र स्वतःचेच हवेत, आणि महिनाभर वापरलेले. अंगाला सुती बनियन नको, घामानं भिजलं की वाळत नाही आणि थांबलात की गारठता. पाण्याची बाटली रात्री उलटी ठेवा. पाणी वरून गोठतं, म्हणजे सकाळी झाकणाकडं पाणी मोकळं राहतं. मोबाइल झोपायच्या पिशवीत घेऊन झोपा, नाहीतर थंडीनं बॅटरी बसते.

माझं म्हणाल तर या वर्षी देवगिरी आणि अंतूर, पावसाळा ओसरल्यावर कळसूबाई, आणि दोघांचं तोवर पटत राहिलं तर पुढच्या डिसेंबरात केदारकंठा. परभणीहून सचखंड एक्स्प्रेस दिल्लीला जाते, पुढं डेहराडून, तिथून सांकरीला जवळजवळ दहा तास गाडीरस्ता. सचखंडचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी काढा, ती गाडी कायम भरलेली असते. आणि घरून ताट-वाटी न्या, वाटेत स्टेशनांवर लंगर मिळतं, वाढणारे भांडं मागतात.