पाच एमएल म्हणजे नक्की किती औषध?

प्रश्न: ताई, मुलगी सव्वा वर्षाची आहे, वजन 10 किलो. मागे ताप आलेला तेव्हा डॉक्टरांनी पॅरासिटामॉल सिरप 5 एमएल लिहून दिलं होतं. आता परत ताप आहे, मेडिकलमधून सिरप आणलं तर बाटलीवर 250 लिहिलंय, जुन्या बाटलीवर 120 होतं. औषध तेच आहे तर 5 एमएलच द्यायचं ना? सासूबाई म्हणतात चमचाभर दे, काही होत नाही.
— एक आई, चिंचवड

उत्तर: नाही, 5 एमएल देऊ नका. बाटलीवरचा तो आकडा म्हणजे दर 5 एमएलमध्ये किती एमजी औषध आहे ते. लहान मुलांना पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे 10 ते 15 एमजी देतात, म्हणजे तुमच्या मुलीला 100 ते 150 एमजी. जुन्या सिरपच्या 5 एमएलमधून 120 एमजी जात होतं, एकदम बरोबर. नव्या बाटलीतून तेवढंच ओतलंत तर 250 जाईल, दुपटीच्या वर! तेच 120 एमजी हवं असेल तर 120 ला 250 ने भागा आणि 5 ने गुणा, 2.4 एमएल येतं. बाळांचे ड्रॉप्स मिळतात ते तर अजून घट्ट, बऱ्याच कंपन्यांचे 1 एमएलमध्येच 100 एमजी असतात, त्यामुळे ड्रॉप्स आणि सिरप यांची अदलाबदल अंदाजाने कधीच करू नका. चिठ्ठीवर नुसतं 5 एमएल असेल आणि बाटली बदलली असेल तर काउंटरवरच विचारा, "हे 120 चं आहे का 250 चं?", कुठल्याही फार्मासिस्टला याचं वाईट वाटत नाही (वाटत असेल तर दुकान बदला).

सासूबाईंना दुखवायचं नाहीये पण घरातला चमचा हे माप नाहीच, पोह्याचा वेगळा, चहाचा वेगळा, एकात 3 एमएल मावतं तर दुसऱ्यात 7. बाटलीबरोबर येणारी मापाची टोपी वापरा, आणि 2.4 सारखा आकडा असेल तर बिनसुईची सिरिंज घ्या, स्वस्त असते. दोन डोसमध्ये 4 ते 6 तासांचं अंतर, 24 तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. सर्दीचं सिरपही चालू असेल तर त्याचं लेबल वाचा, त्यात बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतंच आणि मग नकळत डबल डोस होतो. ताप उतरत नसेल, मूल मलूल वाटत असेल तर मात्र हिशोब करत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

प्रश्न: आईला रोज 20 युनिट इन्सुलिन आहे. बाटलीवर 40 लिहिलंय, पण दुकानात 40 ची सिरिंज नव्हती म्हणून 100 ची दिली. आम्ही 20 च्या रेघेपर्यंतच भरतो, तरी शुगर खाली येत नाही. इन्सुलिन खराब आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर: इन्सुलिन बदलायच्या आधी सिरिंज बदला. बाटलीवरचं 40 म्हणजे 1 एमएलमध्ये 40 युनिट. आणि 100 च्या सिरिंजवर 20 ची रेघ म्हणजे 0.2 एमएल. आता 0.2 गुणिले 40, आले फक्त 8 युनिट. आईंना निम्म्याहूनही कमी इन्सुलिन मिळतंय, शुगर कशी उतरणार? 40 च्या सिरिंजचं टोपण लाल असतं आणि 100 च्या सिरिंजचं केशरी, पण रंगावर सगळं सोडू नका, सिरिंजवर छापलेला आकडा आणि बाटलीवरचा आकडा शेजारी शेजारी धरून बघा.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या, ही फार जण विसरतात. मधल्या काळात शुगर जास्त येते म्हणून डॉक्टरांनी डोस वाढवला असेल, तर आता बरोबर सिरिंजने तोच वाढवलेला डोस दिलात की शुगर धाडकन पडू शकते. म्हणून आजच डॉक्टरांना फोन करून सिरिंजचं सांगा आणि डोस परत ठरवून घ्या. उलटी चूक तर जास्त वाईट, 100 चं इन्सुलिन 40 च्या सिरिंजने 20 च्या रेघेपर्यंत भरलं तर अर्धा एमएल, म्हणजे 50 युनिट जातात! घरी गुणाकार-भागाकार करून चुकीच्या सिरिंजने भागवायचा उद्योग कुणी करू नये, एक दिवस कुणी घाईत असतं, चष्मा सापडत नाही, आणि तेव्हाच गोंधळ होतो.

प्रश्न: मी डी. फार्मला आहे. मुलांचा डोस वयावरून काढायचे यंग, डिलिंग असे फॉर्म्युले पाठ केलेत पण आमच्या मॅडम म्हणतात प्रॅक्टिसमध्ये वजनावरच डोस काढतात. मग हे शिकायचं कशाला? अॅलिगेशनही (दोन वेगळ्या टक्क्यांची द्रावणं मिसळून हवा तो टक्का काढायची रीत) डोक्यावरून जातं.
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर: मॅडम बरोबर बोलतायत. हे बघ, मोठ्यांचा डोस 500 एमजी धर आणि मूल 4 वर्षांचं. यंगने वय भागिले वय अधिक 12, म्हणजे 4 भागिले 16, गुणिले 500, आले 125 एमजी. डिलिंगने वय भागिले 20, गुणिले 500, आले 100. आता तेच मूल 16 किलोचं असेल आणि औषध पॅरासिटामॉल, तर वजनाने 160 ते 240 एमजी लागतं. दोन्ही फॉर्म्युले कमीच पडले ना. शिवाय 4 वर्षांची दोन मुलं एक 12 किलोचं आणि एक 18 किलोचं असू शकतं, वयाच्या फॉर्म्युल्याला ती दोघं सारखीच. पेपरात येतं म्हणून शिक, काउंटरवर मात्र वजन विचारायची सवय लाव.

अॅलिगेशनला घाबरू नकोस, वजाबाकीच आहे ती. 90 टक्के आणि 60 टक्के अल्कोहोलपासून 70 टक्क्यांचं 300 एमएल करायचंय. 70 वजा 60, आले 10, हे 90 वाल्याचे भाग. 90 वजा 70, आले 20, हे 60 वाल्याचे. म्हणजे एकास दोन, 100 एमएल आणि 200 एमएल. ताळा करून बघ, 90 अधिक 120 म्हणजे 210, आणि 300 चे 70 टक्केही 210 च. तिरकी वजाबाकी करताना भाग कुणाचे ते उलटं लिहिलं जातं, मार्क तिथेच जातात, म्हणून ताळा केल्याशिवाय पान उलटू नको. आणि प्रत्येक ओळीत एमजी, एमएल, टक्के जे काही असेल ते आकड्याशेजारी लिही, मॅडम ओरडल्या तरी चालेल पान भरलं म्हणून.