नर्सिंगचे शब्द पाठ होत नाहीत, म्हणून लेकीला फार्मसीला घालू का?

ताई, पिंपळगाव बसवंतहून तुमचं पत्र मिळालं. लेक नाशिकला जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षाला आहे. बारावी आर्ट्स, तीही मराठी माध्यमातून. औषध देण्याच्या मार्गांच्या धड्यात इंट्राव्हेनस (शिरेतून), इंट्रामस्क्युलर (स्नायूत), सबलिंग्वल (जिभेखाली) असल्या शब्दांची लांबलचक यादी आहे, ती पाठ होत नाही, चाचणीत मार्क गेले आणि आता ती हॉस्टेलवरून रडत फोन करते. तिला तिथून काढून डी.फार्मला, म्हणजे फार्मसीच्या डिप्लोमाला, घालावं का, असं तुम्ही विचारलंय.

डी.फार्मचं आधी सांगून टाकतो. तिथे प्रवेश मिळणार नाही. त्याला बारावी सायन्स लागतं, फिजिक्स-केमिस्ट्री आणि जोडीला बायोलॉजी किंवा मॅथ्स. जीएनएमला आर्ट्सची मुलं चालतात, म्हणून तर ती तिथे आहे. आणि समजा मिळाला असता प्रवेश, तरी मेडिकलच्या काउंटरवर चिठ्ठी वाचताना हेच शब्द पुन्हा पुढ्यात आले असते.

आता तुमच्या पत्रातली एक ओळ. तुम्ही ती जाता जाता लिहिलीय: सुट्टीत घरी आली की आजीचं इन्सुलिन तीच टोचते, हात जराही कापत नाही. अहो ताई, सबक्युटेनियस म्हणतात ते हेच! पोटाची कातडी चिमटीत धरायची, बेंबीपासून दोन बोटं लांब राहायचं, रोज जागा थोडी सरकवायची आणि सुई कातडीखालच्या चरबीत सोडायची. इन्सुलिनची गोळी का नसते, तर ते प्रथिन आहे, पोटात पचून जाईल. हाताला येणारी गोष्ट वहीत एका ओळीची व्याख्या होऊन आली की परकी वाटते, एवढंच झालंय.

म्हणून यादी वरून खाली घोकणं तिने आधी थांबवावं. प्रत्येक शब्दाला एक औषध, अंगावरची एक जागा आणि ‘हाच मार्ग का’ याचं उत्तर जोडावं. द्राक्षबागेच्या घरात वाढलेल्या मुलीला हे अवघड नाही. तुम्ही खत ठिबकमधून सोडता, बुरशीनाशक फवारता, जीएच्या (जिबरेलिक अॅसिड या वाढीच्या संजीवकाच्या) पाण्यात घड बुडवता, छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावता. पेस्ट ठिबकमधून सोडायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण कुठलं काय आणि का, हे माहीत असतं.

सॉर्बिट्रेटचं घ्या. छातीत दुखायला लागलं की ही गोळी जिभेखाली ठेवायला सांगतात. गिळली तर ती आतड्यातून आधी यकृतात जाते आणि तिथेच तिचा बराचसा भाग निकामी होतो. जिभेखालून मात्र थेट रक्तात उतरते आणि काही मिनिटांत काम सुरू करते. हे एकदा समजलं की सबलिंग्वल शब्द विसरू म्हटलं तरी विसरत नाही.

सुट्टीत आली की गावातल्या सरकारी दवाखान्यात लसीकरणाच्या दिवशी तिला तासभर थांबू द्या, तिथल्या सिस्टरना विचारून. दीड महिन्याच्या एकाच बाळाला पोलिओचे आणि रोटाचे (जुलाबाच्या रोटाव्हायरसविरुद्धचे) थेंब तोंडातून देतात, पेंटाव्हॅलंट ही पाच आजारांची एकत्र लस डाव्या मांडीच्या स्नायूत आणि आयपीव्हीचा, म्हणजे पोलिओच्याच टोचायच्या लसीचा, ०.१ मिलीचा एवढासा डोस उजव्या दंडावर, कातडीच्या थरातच. ओरल, इंट्रामस्क्युलर, इंट्राडर्मल, तिन्ही एका बैठकीत. मांडीत सुई सरळ ९० अंशांत जाते; कातडीच्या थरात ती जवळजवळ आडवी, १० ते १५ अंशांत, आणि वर बारीकसा फुगवटा उठला की समजायचं जमलं. तिच्या डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण असेल, तीही लस अशीच कातडीच्या थरात दिलेली.

शब्दांपेक्षा मला धास्ती वाटते ती त्यांच्या छोट्या रूपांची. घाईच्या अक्षरात एसएल आणि एससी सारखेच दिसतात. एक जिभेखाली, दुसरं कातडीखाली. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, पण डोळ्यांच्या विभागात तेच ओडी उजव्या डोळ्यासाठी लिहितात. युनिटऐवजी नुसतं इंग्रजी यू अक्षर लिहिलं की ते शून्य वाटतं आणि १० युनिटचं इन्सुलिन १०० होऊन बसतं. काही औषधांना तर चुकीला माफीच नाही. बेन्झाथिन पेनिसिलिन फक्त स्नायूत द्यायचं, शिरेत कधीच नाही. पोटॅशियम क्लोराइड सलाईनमध्ये पातळ करून हळूहळू सोडतात. तेच सिरिंजने थेट शिरेत दिलं तर हृदय बंद पडू शकतं. वॉर्डात अक्षर लागलं नाही तर अंदाज न करता इन्चार्ज सिस्टरना विचारायचं, त्या ओरडल्या तरी. पहिल्या वर्षाच्या मुलीला हे विचारण्याची लाज वाटते. ती लाज घालवायला घरातून तुमचाच आधार हवा.

अभ्यासासाठी खिशात मावेल अशी डायरी पुरे. एका मार्गाला एक पान. वॉर्डात पोस्टिंग असेल तेव्हा ट्रीटमेंट शीटवर दिसलेलं औषध त्या-त्या पानावर त्याच दिवशी टिपायचं.

पुढचं म्हणाल तर तीन वर्षांचं जीएनएम आणि नर्स म्हणून नोंदणी झाली की दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे नर्सिंगची पदवी, करता येतं. ती पदवी देणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशिकलाच आहे, म्हसरूळला.

तरी एक गोष्ट तिला एकटीला बसवून विचारा, रागावू नका. रडू नक्की शब्दांचंच आहे का? रात्रपाळी, रक्त, परक्या माणसाचं अंग पुसणं, यातलं काही तिला सहनच होत नसेल, तर कोर्स बदलायचं आपण गांभीर्याने बघू. आर्ट्सनंतरचे इतर रस्ते त्या वेळी सांगेन. उत्तर काय येतं ते कळवा, आणि पुढचं पत्र तिलाच लिहू द्या.