सकाळची स्लाइड, दुपारचे दोन

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अ‍ॅम्फेटामाइन या उत्तेजक औषधाच्या प्रयोगातून माद्या वगळाव्यात आणि फक्त नर उंदरांवर काम करावं, असं तू लिहिलंयस. दर चार-पाच दिवसांनी त्यांचं हॉर्मोनचं चक्र फिरतं, ग्राफ वरखाली होतो, कमिटीसमोर उत्तर देता येत नाही. वैताग समजतो मला. पण माद्या काढू नकोस.

१९५० साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात एव्हरेट आणि सॉयर या दोघांनी एक साधा प्रयोग छापला. उंदरांच्या खोलीत दिवे पहाटे ५ ला लागत, संध्याकाळी ७ ला बंद होत. प्रोएस्ट्रसच्या, म्हणजे चक्रात बीज सुटण्याआधीच्या दिवशी दुपारी २ च्या सुमारास मादीला पेंटोबार्बिटल हे झोपेचं औषध टोचलं, तर त्या रात्री बीज सुटायचं नाही. तेच ४ नंतर टोचलं, तर सुटायचं. आणि ज्यांचं थांबलं होतं त्यांचं बरोबर २४ तासांनी सुटायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा २ वाजता टोचलं, की आणखी एक दिवस पुढे.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी लायब्ररीतून उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले होते. झोपेचं औषध अंडाशयाला हातही लावत नव्हतं. मेंदू दुपारच्या ठरावीक दोन तासांत त्याच्या खालच्या पिट्युटरी ग्रंथीला निरोप धाडतो, तो निरोप तेवढा अडत होता. हा निरोप नेणारा रेणू, जीएनआरएच, नेमका कसा आहे हे शॅली आणि गिलेमिन यांच्या प्रयोगशाळांतून कळायला १९७१ उजाडलं. त्याच्या एकवीस वर्षं आधी एका गुंगीच्या औषधानं आणि भिंतीवरच्या घड्याळानं मेंदूतलं घड्याळ दाखवून दिलं होतं.

पुढे बॅरॅक्लॉ आणि सॉयर यांनी १९५५ मध्ये मॉर्फिननं आणि १९५७ मध्ये क्लोरप्रोमाझिन (मनोविकाराचं औषध) व रेसर्पिननं हेच होतं हे दाखवलं. रेसर्पिन म्हणजे आपल्या सर्पगंधेतलं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ मध्ये सर्पगंधेवरचा निबंध ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला, तो रक्तदाबासाठी. त्याच मुळीतलं द्रव्य मेंदूतून पाळीपर्यंत पोचतं, हे नुसते नर पाळून कुणाला कळलं असतं?

माझं एक सांगते. माझ्या पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी निम्म्या माद्यांमध्ये औषध लागू पडायचं, निम्म्यांमध्ये नाही. तीन महिन्यांचं काम मी 'खराब डेटा' म्हणून बाजूला ठेवलं. मग एका संध्याकाळी रजिस्टर चाळताना दिसलं, की ज्या ज्या दिवशी मला सेंट्रिफ्यूजसाठी थांबावं लागलं होतं, त्या त्या दिवशी इंजेक्शन साडेचारला गेलं होतं. औषध तेच, डोस तोच. वेळ मीच लिहिली होती आणि मीच वाचली नव्हती.

तुझ्या विषयाला तर हे फारच लागू आहे. जिल बेकर यांनी मिशिगनमध्ये दाखवलंय, की अ‍ॅम्फेटामाइननं मेंदूच्या स्ट्रायटम या भागात सुटणारं डोपामिन हे रसायन एस्ट्रसमध्ये, म्हणजे प्रोएस्ट्रसनंतरच्या टप्प्यात, जास्त असतं, अंडाशय काढले की ते घटतं, इस्ट्राडायोल हे अंडाशयाचं हॉर्मोन दिलं की पुन्हा वाढतं. तू ज्याला गोंधळ म्हणतेस, तो कदाचित तुझा रिझल्ट असेल. कमिटीनं 'माद्यांमध्ये फरक फार पडतो' असं म्हटलं, तर २०१४ चा मोठा आढावा समोर ठेव. उंदरांवरचे २९३ निबंध तपासून त्यात दिसलं, की चक्राचा दिवस न बघताही माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त विखुरलेले नसतात.

आणि हे फक्त उंदरांपुरतं नाही. एका ओपीडीत रिस्पेरिडोन या मनोविकाराच्या औषधावर असलेली विशीतली मुलगी बघितली होती. पाळी बंद, छातीतून दूध, आणि शेजारी बसलेली आई भलत्याच शंकेनं काळवंडलेली. हे औषध डोपामिनला अडवतं आणि डोपामिनचा लगाम सुटला की दूध आणणारं प्रोलॅक्टिन वाढतं, हे तिला कुणी दोन वाक्यांत सांगितलं नव्हतं. औषध सुरू करतानाच सांगायला हवं होतं. ते सांगता यावं म्हणून आपण हे काम करतो.

चक्राचा दिवस ओळखायला योनीतल्या पेशींचा स्मिअर रोज सकाळी एकाच वेळी घे, नऊ तर नऊ. ड्रॉपरचं टोक आत फार नेऊ नकोस, सलाइन कोमट ठेव, मादीला आधी हाताची सवय होऊ दे. गोल, केंद्रक दिसणाऱ्या पेशींचे घोस म्हणजे प्रोएस्ट्रस. कोरड्या पापुद्र्यांसारख्या पेशी म्हणजे एस्ट्रस. अडलीस तर एकटीनं अंदाज बांधू नकोस, फोटो पाठव. इंजेक्शनची वेळ मिनिटासकट लिही आणि खोलीतले दिवे कधी लागतात तेही त्याच पानावर.

पुढच्या गुरुवारी मी येतेय. तोपर्यंतच्या सगळ्या स्लाइड्स जपून ठेव, पुसू नकोस. आपण दोघी बसून ग्राफ चक्राच्या दिवसांप्रमाणे पुन्हा काढू.

तुझी,
मॅडम