ट्रेलरचे दिवे बदला, पण जुने फेकू नका

प्रश्न : आम्ही मुलुंडला राहतो. यजमान निवृत्त झाल्यावर गाडीमागे ओढायचा कॅरॅव्हॅन ट्रेलर घेतला. करासकट साडेअकरा लाख पडले. बनवून विकणारा पुण्याकडचा आहे. सोसायटीत जागा नाही म्हणून ट्रेलर कर्जतला दिरांच्या वाडीत उभा असतो. छतात ८ एलईडी दिवे आहेत. सहाव्या महिन्यात दोन फडफडू लागले, आता नवव्या महिन्यात पाच बंद आहेत. एकाच्या भोवतीचं प्लास्टिक पिवळं पडलंय. वॉरंटी एक वर्षाची. विक्रेता फोनवर म्हणतो, दिवे वॉरंटीत येत नाहीत, पाहायचेच असतील तर ट्रेलर स्वखर्चानं कारखान्यात आणा, आणि बाहेरच्या माणसानं हात लावला तर अख्ख्या ट्रेलरची वॉरंटी गेली. यजमान म्हणतात, दोन तर वायरी आहेत, मीच बदलतो. अजून एक सांगायला हवं, मे महिन्यात भाच्याच्या मित्रांना ट्रेलर दोनदा भाड्यानं दिला होता. त्यानं आमची बाजू लंगडी पडेल का?

उत्तर :

नमस्कार ताई,

यजमानांचा स्क्रूड्रायव्हर तूर्त आठवडाभर लपवून ठेवा. दिवे बदलायचा हक्क तुम्हाला नाही असं मुळीच नाही. पण छतातला दिवा उतरवला की त्याच्याबरोबर तुमचा पुरावाही उतरतो, आणि तो परत वर चढवता येत नाही.

पहिलं काम मात्र कायद्याचं नाही. ज्या दिव्याचं प्लास्टिक पिवळं पडलंय तिथं उष्णता साठते आहे. दिरांना फोन करून त्या दिव्यांच्या सर्किटचा फ्यूज आजच काढायला सांगा, आणि तपासणी होईपर्यंत ट्रेलरमध्ये कुणी झोपू नका. कोर्टात याचा उपयोग असा, की १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७३ नुकसानभरपाई ठरवताना हेही विचारात घ्यायला सांगतं, की नुकसान टाळण्याचा उपाय तुमच्या हाती होता का. धोका दिसत असून वापर चालू ठेवला आणि पुढं काही जळलं, तर समोरचा वकील नेमकं तिथंच बोट ठेवेल.

आता मुळाशी येऊ. अशा ट्रेलरमधले छताचे दिवे साधारणपणे घरच्या २३० व्होल्टवर नसतात, १२ व्होल्ट डीसीवर असतात. बाहेरून वीज जोडली की कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेची १२ व्होल्टची वीज करणारा डबा) बॅटरी चार्ज करू लागतो आणि त्याच तारांवर साडेतेरा-चौदा, कधी साडेचौदा व्होल्टपर्यंत दाब चढतो. चांगल्या दिव्यात करंट बांधून ठेवणारा ड्रायव्हर असतो, त्याला त्याचं काही वाटत नाही. स्वस्त दिव्यात नुसता रेझिस्टर असतो. दाब वाढला की तो तापतो, फडफडतो, शेवटी जातो. कन्व्हर्टरच बिघडला असेल तर दाब याहून वर जातो. किंवा छतातला एखादा जॉइंट सैल असेल, किंवा पावसाचं पाणी आत झिरपत असेल.

वकिलानं हे कशाला सांगावं? कारण तक्रारीत तुम्ही काय लिहिता यावर सगळं ठरतं. ‘पाच दिवे गेले’ असं लिहिलंत तर विक्रेता पाच दिव्यांचे थोडे पैसे टेकवून हात झटकेल. पण आठातले पाच दिवे तीन महिन्यांत जातात, तेव्हा संशय दिव्यांपेक्षा त्यांना वीज पुरवणाऱ्या यंत्रणेवर जास्त जायला हवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(१०) मध्ये दोषाची व्याख्या आहे, तिच्यात गुणवत्ता, क्षमता, दर्जा यांतली कुठलीही उणीव बसते. तक्रार ‘ट्रेलरच्या विद्युत यंत्रणेत दोष’ अशी करा.

त्यासाठी कर्जतला परवानाधारक इलेक्ट्रिशियन न्या. दिव्याच्या टोकांवर मल्टिमीटर लावून दोनदा रीडिंग घ्यायला सांगा, एकदा नुसत्या बॅटरीवर आणि एकदा बाहेरची वीज जोडून. फ्यूज तेवढ्यापुरताच घाला, मापं झाली की परत काढा. आठही दिव्यांचे फोटो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसलग व्हिडिओ, आणि इलेक्ट्रिशियनच्या सही-तारखेचा एक पानाचा अहवाल. हा कागद तुमच्या फायलीतला सगळ्यात वजनदार कागद ठरेल. त्यानंतर दिवे उतरवा, प्रत्येकावर जागा लिहून पिशवीत सील करा. ग्राहक आयोगाला वाटलं तर याच कायद्याच्या कलम ३८ नुसार वस्तू प्रयोगशाळेत पाठवता येते, फी आधी तक्रारदाराला भरावी लागते. तेव्हा ‘जुने दिवे भंगारात गेले’ म्हणायची वेळ यायला नको.

‘बाहेरच्यानं हात लावला तर वॉरंटी गेली’ हे वाक्य मला वर्षानुवर्षं ऐकायला मिळतं. आधी वॉरंटी कार्ड काढून वाचा. विद्युत भाग वगळल्याचं त्यात लिहिलेलंच नसेल, तर फोनवरच्या बोलण्याला किंमत नाही. लिहिलेलं असेल, तरी छतातले दिवे बदलल्यानं दरवाजा, चाकांचा आस किंवा पाण्याची टाकी यांची वॉरंटी कशी जाते, हे त्यालाच समजावून सांगावं लागेल. इथं एक तांत्रिक खाच आहे. वॉरंटीची अट ‘अन्याय्य करार’ आहे असा मुद्दा करून दाद मागायची, तर तो अधिकार राज्य आयोगाकडे आहे, जिल्हा आयोगाकडे नाही. त्यामुळे तुमच्या तक्रारीत तो शब्द घालू नका. दोषावरच भर ठेवा.

तरी विक्रेत्याच्या म्हणण्यात एक दाणा खरा आहे. याच कायद्याच्या कलम ८७ नुसार, इजा किंवा हानी झाली त्या वेळी वस्तूत फेरफार झालेले असतील, तर विक्रेत्यावर उत्पादन-दायित्वाचा, म्हणजे सदोष वस्तूनं झालेल्या हानीच्या भरपाईचा, दावा चालत नाही. यजमानांनी लोहार चाळीच्या बाजारातून मिळेल तो दिवा आणून बसवला आणि उद्या छत पेटलं, तर हे कलम तुमच्यावर उलटेल. म्हणून बदलताना दिवा त्याच व्होल्टेजचा, तेवढ्याच किंवा कमी वॅटचा, ड्रायव्हर असलेला घ्या. बिल घ्या, आणि बसवून त्या इलेक्ट्रिशियनकडूनच घ्या. दोन वायरी खऱ्याच, पण डीसीमध्ये उलटसुलट जोडल्या तर दिवा लागत नाही.

विक्रेता उद्या आरटीओची भीती घालेल, म्हणून तेही सांगून टाकते. ट्रेलर हे कायद्यानं मोटार वाहनच आहे, आणि मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ वाहनात बदल करायला मनाई करतं. पण तिथं बदल म्हणजे वाहनाचं मूळ स्वरूप पालटणारा रचनेतला बदल. आतला दिवा काढून तसाच दुसरा लावणं त्यात येत नाही. मागचे ब्रेक लाईट, इंडिकेटर आणि रिफ्लेक्टर यांच्या वाटेला मात्र जाऊ नका.

भाड्याचा मुद्दा तुम्ही आपणहून सांगितलात ते बरं केलंत. पक्षकार असल्या गोष्टी लपवतात आणि त्या उलटतपासणीत बाहेर येतात. व्यापारी हेतूनं घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ‘ग्राहक’ ठरत नाही. पण कसोटी आहे खरेदीमागच्या मुख्य हेतूची. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानं आपल्या मुंबईतल्याच प्रकरणात हे स्पष्ट केलं. लीलावती रुग्णालय चालवणाऱ्या ट्रस्टनं परिचारिकांच्या राहण्यासाठी फ्लॅट घेतले होते. ट्रस्ट रुग्णालय चालवतो म्हणून ती खरेदी व्यापारी ठरत नाही, असं न्यायालय म्हणालं. तुमचा ट्रेलर निवृत्तीनंतर फिरायला घेतलेला, भाडं दोनदाच. तक्रारीत ते स्वतःहून लिहा, रक्कम आणि तारखांसकट. आणि यापुढं भाड्यानं देणं बंद करा. खासगी नोंदणीचं वाहन भाड्यानं फिरवणं परवान्याच्या आणि विम्याच्या वेगळ्या झंझटीत नेतं.

आधी पंधरा दिवसांची मुदत देऊन एक पत्र स्पीड पोस्टानं आणि ईमेलनं पाठवा. इलेक्ट्रिशियनचा अहवाल जोडा आणि यंत्रणा तपासून दुरुस्त करण्यासाठी माणूस कर्जतला पाठवा अशी मागणी करा. कायद्यानं हे पत्र सक्तीचं नाही, पण माझ्या पाहण्यात अशी अर्धीअधिक प्रकरणं इथंच मिटतात. जोडीला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून ठेवा.

त्यानं ऐकलं नाही तर विक्रेता पुण्याचा म्हणून पुण्याला खेटे घालायची गरज नाही. २०१९ च्या कायद्यानं तक्रारदार राहतो तिथं तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी वांद्रे पूर्वेचा मुंबई उपनगर जिल्हा आयोग. तुम्ही मोजलेली किंमत ५० लाखांच्या आत आहे, तेव्हा अधिकार जिल्हा आयोगाचाच. फी मागणीच्या रकमेवर नव्हे तर मोजलेल्या किमतीवर ठरते, १० ते २० लाखांना ४०० रुपये. तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या भरता येते, वकील लावलाच पाहिजे असं नाही. (हे लिहून मी माझ्याच पोटावर पाय देते आहे.) मुदत दोन वर्षांची. ती पहिला दिवा फडफडला त्या दिवसापासून मोजा. विक्रेता ‘बघतो, करतो’ म्हणत राहिला म्हणून ती लांबत नाही. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच, असं लिहिलंय. त्यावर घड्याळ लावू नका. मध्यस्थीचा पर्याय पुढं आला तर नाक मुरडू नका.

मागणी बेताची ठेवा. यजमानांना साडेअकरा लाख परत हवेसे वाटत असतील, पण दिव्यांपायी अख्खा ट्रेलर परत घ्या म्हटलं की खरा मुद्दाही हलका पडतो. यंत्रणेची दुरुस्ती, बदललेल्या दिव्यांचा आणि इलेक्ट्रिशियनचा खर्च, मनस्तापाची माफक भरपाई आणि दाव्याचा खर्च, एवढंच मागा. कन्व्हर्टर सदोष निघाला तर तो बदलून द्या, असं वेगळं लिहा.

फोनवरचं बोलणं थांबवा, सगळं व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर आणा. तो फोन बदलू किंवा फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे फोनमधल्या पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडायचं झालं तर मूळ फोन लागेल.

आणि रीडिंग हातात येण्याआधी कुठं जायचं ठरलं असेल, तर चार्जिंगचा कंदील घेऊन जा. नवे दिवे तोवर लावू नका. दोष कन्व्हर्टरमध्ये असेल तर तेही तसेच जातील.