गळाला लागलेल्या माशाचा विक्रम नेमका कशाचा असतो?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. कंबोडियात मेकाँग नदीमध्ये २०२२ साली ३०० किलो वजनाचे पाकट सापडले असताना गळाने पकडलेल्या गोड्या पाण्यातील माशांमध्ये २१२ किलोचा स्टर्जन नावाचा मासाच अजून सर्वांत वर कसा, हा पहिला भाग. आणि सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या विक्रमांची वजने खरी कशावरून मानायची, हा दुसरा. दोन्हींचे उत्तर एकाच गोष्टीत आहे. विक्रमाच्या यादीत सर्वांत मोठा मासा नसतो, तर ठरावीक पद्धतीने पकडून ज्याचे वजन सिद्ध करता आले असा सर्वांत जड मासा असतो.

मेकाँगमधील ते पाकट स्थानिक मच्छीमाराने पकडले होते. संशोधकांनी त्याचे मोजमाप घेतले, खूण बसवली आणि त्याला पुन्हा नदीत सोडले. गोड्या पाण्यातील आजवर नोंदलेला सर्वांत जड मासा म्हणून त्याचे स्थान निर्विवाद आहे. पण रॉड आणि रीळ घेऊन, नियमांत बसेल अशा रीतीने एकट्या माणसाने तो ओढलेला नव्हता. या नियमांचा ताळेबंद मुख्यतः इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन, म्हणजे आयजीएफए, ठेवते. ही संस्था १९३९ मध्ये स्थापन झाली ती समुद्रातील माशांसाठी. गोड्या पाण्यातील विक्रम त्या काळी 'फील्ड अँड स्ट्रीम' हे अमेरिकन मासिक नोंदवत असे आणि १९७८ मध्ये त्या नोंदी आयजीएफएकडे आल्या. जुन्या नोंदींचा कस आणि नव्या नोंदींचा कस यांत जो फरक दिसतो, त्याचे एक कारण हे हस्तांतर आहे.

नियम वाचायला कंटाळवाणे आहेत, पण निम्मे वाद तिथेच मिटतात. मासा लागल्यापासून तो जवळ येईपर्यंत दुसऱ्या कोणी रॉडला, रिळाला किंवा दोरीला हात लावला की तो मासा नोंदीतून बाद होतो. मासा खेळवताना रॉड होडीच्या काठावर टेकवलेलाही चालत नाही. वजन जमिनीवर, प्रमाणित काट्यावर आणि साक्षीदारासमोर करावे लागते. होडीत केलेले वजन ग्राह्य नाही. ज्या झोळीत मासा टांगला, तिचे वजन वजा करावे लागते. मासा, रॉड, रीळ आणि काटा यांची छायाचित्रे लागतात, वापरलेल्या दोरीचा नमुनाही पाठवावा लागतो.

होडीतील वजन का नको, हे मी स्वतःच्या फजितीतून शिकलो. एकदा होडीत उभ्याने ताणकाट्याला मासा लटकवला, तेव्हा काटा सहा किलोच्या पुढे-मागे नाचत होता आणि आम्ही आनंदाच्या भरात वरचा आकडा धरला. काठावर येऊन, झोळीतील पाणी निथळू देऊन आणि झोळीचे वजन वजा करून पाहिले तेव्हा जेमतेम पाच किलो चारशे ग्रॅम भरले. त्या दिवसापासून प्रत्येक हंगामाच्या आरंभी मी काटा पाण्याने तपासतो: रिकामी बादली टांगून आकडा लिहायचा, मग तीत मोजून दहा लिटर पाणी ओतायचे, फरक दहा किलोहून वेगळा आला, तर दोष काट्याचा. प्रमाणपत्राची जागा ही तपासणी घेऊ शकत नाही, पण स्वतःची फसवणूक तेवढी टळते.

आता जुन्या वजनांकडे येतो. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण लार्जमाउथ बास या माशाचे आहे. जॉर्ज पेरी या तरुणाने २ जून १९३२ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, माँटगोमेरी लेकवर, २२ पौंड ४ औंसांचा म्हणजे १०.०९ किलोचा बास पकडला. त्याचे वजन गावातील पोस्टाच्या काट्यावर झाले, आकडा मासिकाच्या स्पर्धेला पाठवला गेला आणि मासा घरी शिजवून खाल्ला गेला. पुरावा म्हणून तो मासा पुन्हा कोणी पाहण्याची शक्यता तिथेच संपली. तरीही तो विक्रम सत्त्याहत्तर वर्षे टिकला. मग २ जुलै २००९ रोजी जपानमधील बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांना १०.१२ किलोचा बास लागला. पेरीच्या माशाहून तो एक औंसापेक्षाही थोड्या कमी फरकाने जड होता. आयजीएफएने कुरिता यांची सत्यशोधक यंत्रावर चाचणीसुद्धा घेतली, त्यांचे म्हणणे मान्य केले आणि विक्रम मोडल्याचे नव्हे, तर बरोबरी झाल्याचे जाहीर केले. पंचवीस पौंडांखालील माशाने आधीचा विक्रम किमान दोन औंसांनी, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅमने, ओलांडला पाहिजे असा नियम आहे. अनेकांना हा अन्याय वाटला. मला तो नियम रास्त वाटतो, कारण ओल्या माशाच्या अंगावरून निथळणारे पाणी आणि काट्याचा बारीकसा दोष यांतच एक औंस सहज हरवतो किंवा सापडतो. विचित्र वाटते ते एवढेच, की आधुनिक काट्यावर तोललेल्या माशाला पोस्टाच्या काट्यावर तोललेल्या, खाऊन संपलेल्या माशाशी बरोबरीवर समाधान मानावे लागले.

स्मॉलमाउथ बासची कथा याहून गुंतागुंतीची आहे. डेव्हिड हेज यांनी जुलै १९५५ मध्ये टेनेसी-केंटकीच्या सीमेवरील डेल हॉलो जलाशयात ११ पौंड १५ औंसांचा मासा पकडला. धक्क्यावरील एका कामगाराने त्याच सुमारास प्रतिज्ञापत्र केले होते, की माशाच्या पोटात आपण धातूचे तुकडे घालून वजन वाढवले. हे कागद चाळीस वर्षांनी उजेडात आले आणि १९९६ मध्ये विक्रम काढून घेण्यात आला. पुढे चौकशीत त्या प्रतिज्ञापत्रातील विसंगती पुढे आल्या आणि सुमारे दहा वर्षांनी हेज यांचे नाव यादीत परत लागले. आरोप कागदावर होता, बचावही कागदावरच झाला. मासा तर कधीच नाहीसा झाला होता.

वजन नेहमी फुगवलेलेच असते असे मात्र समजू नये. लेस अँडरसन यांनी १७ मे १९८५ रोजी अलास्कातील केनाई नदीत पकडलेला चिनूक सामन ९७ पौंड ४ औंस भरला, पण तो पकडल्यानंतर कित्येक तासांनी तोलला गेला होता. मेलेला मासा सुकत जातो तसे त्याचे वजन घटते. त्यामुळे ताजा असताना तो शंभर पौंडांच्या घरात असावा, असे मानणारे पुष्कळ आहेत. नोंदीत मात्र काट्याने दाखवलेलाच आकडा राहिला.

अंदाजाने वजन काढण्याचे सूत्र आपणास ठाऊक असेल: लांबी इंचांत, तिला घेराच्या वर्गाने गुणायचे आणि आठशेने भागायचे. चाळीस इंच लांब आणि वीस इंच घेराचा मासा वीस पौंड निघतो. आता फीत पोटाखाली ढिली राहून घेर एकवीस इंच भरला, तर तोच मासा बावीस पौंडांचा होतो. घेराचा वर्ग होत असल्यामुळे एका इंचाची चूक दोन पौंडांची होते, आणि म्हणूनच सूत्राने काढलेले वजन विक्रमासाठी ग्राह्य धरत नाहीत.

माशांच्या आकारामागे पाण्याचाही वाटा मोठा असतो आणि इथे शुद्धतावाद्यांचे माझ्याशी पटत नाही. कॅनडातील लेक डीफेनबेकर येथे २००९ मध्ये शॉन कॉनराड यांनी पकडलेला ४८ पौंडांचा रेनबो ट्राउट मत्स्यशेतीतून निसटलेल्या, गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असलेल्या माशांपैकी मानला जातो. असे मासे प्रजननक्षम नसतात, त्यामुळे अंडी आणि शुक्राणू तयार करण्यात खर्च होणारे बळ वाढीला लागते. न्यूझीलंडच्या ओहाऊ कालव्यात २०२० मध्ये ४४ पौंड ५ औंसांचा ब्राउन ट्राउट मिळाला. तिथले मासे सामनच्या मत्स्यशेतीतून वाहून येणाऱ्या खाद्यावर पोसतात. बिवा सरोवरातील बास तर मुळी जपानचा मासाच नाही. या विक्रमांना खोटे म्हणता येत नाही, फक्त त्यांची तुलना रानटी नदीतील माशाशी करताना भान ठेवावे. काबिनी नदीत १९४६ साली व्हॅन इंगेन यांनी पकडलेला १२० पौंडांचा महसीर मला म्हणूनच वेगळा वाटतो. मोकळ्या नदीत वाढलेला तो मासा कावेरी खोऱ्यातील त्या पाठीवर मदार असलेल्या महसीर जातीचा होता, ज्याचे शास्त्रीय नाव २०१८ मध्ये निश्चित झाले आणि जो आता अतिसंकटग्रस्त गणला जातो.

आता पुन्हा स्टर्जनकडे. जोई पालोटा यांनी ९ जुलै १९८३ रोजी कॅलिफोर्नियातील बेनिशिया येथे पकडलेला तो व्हाइट स्टर्जन ४६८ पौंडांचा, म्हणजे २१२.२८ किलोचा होता. त्याहून मोठे स्टर्जन गळाला लागत नाहीत असे नाही. पण ठरावीक लांबीपुढील स्टर्जन पाण्यात परत सोडणे आता बंधनकारक आहे, आणि जो मासा काठावर आणताच येत नाही त्याला प्रमाणित काट्याला टांगणार कसे? याच अडचणीतून आयजीएफएने २०११ पासून लांबीच्या विक्रमांचा निराळा वर्ग सुरू केला, ज्यात मासा अधिकृत मापपट्टीवर मोजून जिवंत सोडावाच लागतो. इटलीतील पो नदीत २०२३ मध्ये २.८५ मीटर लांबीचा वेल्स कॅटफिश जातीचा मासा लागला, तेव्हा पकडणाऱ्याने त्याला त्रास नको म्हणून तोललाच नाही. वजनाच्या यादीत त्याच माशाच्या जातीपुढे २०१० मधील १३४.९७ किलोचा आकडा आहे, आणि तोही त्याच नदीतला.