मल्टिरोल विमान : अष्टपैलू की बहुउद्देशीय?

प्रश्न असा आहे : कथेत एक काल्पनिक लढाऊ विमान आहे. दोन इंजिनं, त्रिकोणी पंख, कॉकपिटच्या मागे दोन्ही बाजूंना छोटे जादा पंख, नाव 'बहिरी'. ते हवेत झुंजतं, जमिनीवर बाँब टाकतं, टेहळणीही करतं. अशा 'मल्टिरोल फायटर'ला बहुभूमिक म्हणावं, बहुउद्देशीय की अष्टपैलू? आणि 'डिझाइन'ला काय म्हणावं?

'बहुभूमिक' आधी बाजूला ठेवू. रोल म्हणजे भूमिका, हे खरंच. पण मराठीत भूमिका वठवतात तशी मांडतातही आणि घेतातही. 'बहुभूमिक विमान' वाचलं की मला एकाच प्रश्नावर चार भूमिका घेणारा पुढारी दिसतो.

'बहुउद्देशीय' चुकीचा नाही. बातम्यांत तोच दिसतो. संधीचा नियम काटेकोर लावला तर 'बहूद्देशीय' व्हायला हवं, पण तसं लिहिलं की वाचणारा अडखळतो. न जोडलेलं रूपच रुळलंय आणि त्यावर मी लाल शाई वाया घालवणार नाही. ('बहूपयोगी'तला हू मात्र दीर्घच हवा. तिथे ऱ्हस्व लिहिणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे.) माझी अडचण अर्थाची आहे. उद्देश असतो तो बनवणाऱ्याच्या मनात, काम करतं ते विमान. ब्रिटन, पश्चिम जर्मनी आणि इटली यांनी मिळून केलेलं टॉर्नेडो पहा. प्रकल्पाच्या नावातच 'मल्टिरोल' होतं, पहिलं उड्डाण १९७४चं. पण उद्देश वाटले गेले दोन आवृत्त्यांत : एक हल्ल्यासाठी, दुसरी हवाई संरक्षणासाठी. दुसरीच्या पोटाखाली क्षेपणास्त्रं बसावीत म्हणून धड १.३६ मीटरने लांबवावं लागलं. अशा प्रकल्पाला 'बहुउद्देशीय' चपखल बसतो.

तुमचं विमान एकाच उड्डाणात सगळं करणार असेल तर गोष्ट वेगळी. १७ जानेवारी १९९१ रोजी, आखाती युद्धाच्या सुरुवातीलाच, अमेरिकी नौदलाची एफ/ए-१८ हॉर्नेट इराकमध्ये बाँबफेकीला निघाली होती. प्रत्येकाला दोन-दोन हजार पौंडांचे चार बाँब लटकलेले. वाटेत इराकी मिग-२१ आडवे आले. त्यांतल्या दोन हॉर्नेटनी बाँब न टाकता दोन मिग पाडले आणि मग ठरल्या लक्ष्याकडे जाऊन बाँबही टाकले. ह्याला मराठी माणूस अष्टपैलूच म्हणेल, चेंडू आणि बॅट दोन्ही हाताळणाऱ्या खेळाडूला म्हणतो तसं. त्या विमानाच्या नावातलं 'एफ' फायटरचं आणि 'ए' अटॅकचं. स्वीडनच्या ग्रिपेनच्या नावातली 'जास' ही अक्षरंही अशीच तीन कामांची आद्याक्षरं आहेत : पाठलाग करून पाडणं, हल्ला, टेहळणी.

'अष्टपैलू'वर कुणी शुद्धतावादी हरकत घेईल, कारण अष्ट संस्कृत आणि पैलू फारसी 'पहलू'वरून. घेऊ द्या. मला हा शब्द आवडतो तो त्यातल्या पैलूमुळेच. पैलू पाडताना हिऱ्याचा थोडा भाग जातोच. विमानाचंही तेच. झटकन वळायला पंख मोठा हवा; जमिनीलगत वेगाने जायचं तर मोठा पंख हवेच्या झोतांनी गचके खातो, तिथे लहान बरा. एकाच पंखात दोन्ही हवं म्हटलं की दोन्हीकडे थोडं सोडावं लागतं. तुमचा अभियंता कथेत नेमकं काय सोडतो ते दाखवा. विशेषणाचं निम्मं काम तिथेच होईल.

गंमत म्हणजे ज्या विमानाला खरोखरीचे पैलू होते ते अष्टपैलू नव्हतंच. एफ-११७ नाइटहॉक, पहिलं उड्डाण १९८१. रडारच्या लहरी भलतीकडे परतवाव्यात म्हणून त्याचं अंग सपाट फलकांचं केलं होतं, कारण वक्र पृष्ठभागांची गणितं तेव्हाच्या संगणकांना झेपत नव्हती. नावात 'एफ' असूनही त्यावर रडार नव्हतं, हवेतल्या झुंजीशी त्याचा संबंध नव्हता. पोटात दोन बाँब घेऊन रात्री जायचं, टाकायचे आणि परत यायचं.

'डिझाइन'साठी शासकीय परिभाषेत 'अभिकल्प' आहे, पण कथेतल्या माणसांच्या तोंडी तो घालू नका. हँगरमधला अभियंता 'डिझाइन'च म्हणेल. निवेदनात कागदावरच्या टप्प्याला आराखडा, तयार विमानाबद्दल बोलताना घडण. 'बहिरीची घडण' कानाला छान लागतं.

राहता राहिलं नाव. बहिरी ससाणा सूर मारताना ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जातो, तेव्हा नाव शोभतं. पण 'ससाणा' गाळलात की लिंगाचा घोळ होतो : बहिरी झेपावलं की झेपावली? मी 'झेपावली' करीन आणि शेवटच्या पानापर्यंत तेच ठेवीन. शिवाय रेडिओवरचे संवाद एकदा मोठ्याने वाचून पहा. 'बहिरी, ऐकू येतंय का?' असं टॉवरने विचारलं, की प्रसंग कितीही गंभीर असला तरी वाचक हसणार.