वाचकांचे प्रश्न : मिनिएचर रंगवायला पुन्हा बसताना

प्रश्न : निवृत्तीनंतर मिनिएचर, म्हणजे ५४ मिलिमीटरचे सैनिकांचे छोटे पुतळे, पुन्हा रंगवायला घेतलेत. ऑगस्टमध्ये रंगाआधीचा तळथर म्हणून स्प्रे प्रायमर मारला, तो पांढरट आणि भुकटी लावल्यासारखा झाला. वाचायचा चष्मा लावूनही चेहरा नीट दिसत नाही आणि डोळे काढताना हात थरथरतो. वयामुळे हे आता जमणार नाही, असं समजायचं का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मुळीच नाही. तिन्ही अडचणींत वयाचा वाटा थोडा आहे. खरा घोळ हवेचा, अंतराचा आणि हाताला टेकू नसण्याचा आहे.

आधी प्रायमर. स्प्रेतलं सॉल्व्हंट (रंग पातळ ठेवणारा द्रव) उडताना पुतळ्याचा पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प ओल्या थरात उतरतं आणि थर पांढरट, ठिसूळ होतो. आर्द्रता ६५ टक्क्यांवर असेल तर स्प्रे हातात घेऊच नये. किनाऱ्यावर पावसाळ्यात ती बहुतेक वेळ ८०च्या पुढेच असते. खोलीत एसी लावूनही भागत नाही, कारण वाफा नाकात जाऊ नयेत म्हणून स्प्रे उघड्यावरच मारावा लागतो. म्हणून जून ते सप्टेंबर ब्रशने लावायचा ॲक्रिलिक-पॉलियुरेथेन प्रायमर वापरा. दोन पातळ थर द्या आणि दुसऱ्या थरानंतर दोन दिवस थांबा. मध्येच नखाने खरवडून पाहिलंत तर सगळा पापुद्रा निघून येईल. स्प्रेचं काम डिसेंबर-जानेवारीतल्या कोरड्या दुपारी करा, सकाळी दव असताना नको. शेवटी मारायच्या मॅट (बिनचमकीच्या) वार्निशच्या स्प्रेलाही हेच लागू, आणि तिथे नुकसान मोठं, कारण पूर्ण झालेलं काम धुरकटतं. धुरकटलंच तर ब्रशने ग्लॉस (चमकदार) वार्निशचा पातळ थर द्या. बरेचदा खालचा रंग पुन्हा दिसू लागतो.

प्रायमरच्या आधी पुतळा कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने धुवा. नंतर त्याला बोट लावू नका. डोक्याला लावलेलं खोबरेल बोटांवर राहतं आणि तेवढ्या जागी रंग धरत नाही. बाटलीच्या बुचावर चिकटमातीने पुतळा बसवा आणि बूच धरून काम करा.

आता नजर. वाचायचा चष्मा साधारण ४० सेंटीमीटरसाठी असतो, तुम्ही रंगवता २५ सेंटीमीटरवर. या दोन अंतरांत दीड नंबरचा फरक पडतो. चष्मेवाल्याला ‘कामाचं अंतर २५ सेंटीमीटर’ असं स्पष्ट सांगून एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या. प्रोग्रेसिव्ह (दूरचा-जवळचा नंबर एकत्र असलेल्या) काचेत जवळचा भाग फार अरुंद असतो. नाहीतर डोक्याला लावायचं दुप्पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. तिप्पट-चौपटचा मोह नको. भिंग जितकं जास्त, तितका पुतळा नाकाजवळ येतो आणि ब्रश फिरवायला जागा उरत नाही. भिंगाहून आधी उजेड सुधारा : दिवसाच्या उजेडासारखे पांढरे, ५००० ते ६५०० केल्विनचे दोन एलईडी दिवे, दोन्ही बाजूंनी, म्हणजे हाताची सावली चेहऱ्यावर पडणार नाही.

थरथर कमी करायला दोन्ही कोपरं टेबलावर टेका, मनगटं एकमेकांना लावा आणि ब्रशच्या हाताची करंगळी बुचावर ठेवा. हात हलला तरी पुतळाही बरोबर हलतो. ०००चा अगदी बारीक ब्रश ठेवून द्या. त्याच्या टोकावरचा रंग पुतळ्यापर्यंत पोचेतो सुकतो. चांगल्या टोकाचा १ नंबरचा सेबल (प्राण्याच्या मऊ केसांचा) ब्रशच डोळ्यांनाही चालतो.

गणपतीच्या आखणीत डोळे शेवटी येतात, इथे उलट करा. डोळे आधी काढले की बाहेर गेलेला रंग नंतर त्वचेच्या रंगाने झाकता येतो. खाचेत गडद तपकिरी भरा, त्यावर मळकट पांढरा द्या, पण कडेला तपकिरी रेघ राहू द्या. बुबुळ म्हणजे सुटा ठिपका नको, वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत उभी रेघ ओढा. सुटा ठिपका ठेवला की मावळा दचकल्यासारखा दिसतो.

प्रश्न : इनॅमलच्या (तेलकट रंगाच्या) जुन्या डब्या वापराव्यात का?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : झाकण घट्ट बसलेलं असेल तर वापरून बघा. वरची साय न फोडता अख्खी काढा, चपट्या काडीने पाच मिनिटं तळापासून ढवळा, मिनरल टर्पेंटाइनने पातळ करा. तळ रबरासारखा झाला असेल तर टाकून द्या.

प्रश्न : लाकडी कपाटातल्या शिशाच्या जुन्या सैनिकांवर पांढरी भुकटी आली आहे. तांब्या-पितळेसारखे आमसुलाने घासू का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : आमसूल, चिंच, लिंबू, व्हिनेगर, आंबट काहीही लावू नका. ही भुकटी मुख्यतः लेड कार्बोनेट आहे आणि तिची सुरुवातच आम्लाने होते : लाकूड, प्लायवूड आणि पुठ्ठ्यातून ॲसिटिक आम्लाच्या वाफा निघतात, बंद कपाटात साचतात आणि दमट हवेत शिसं खातात.

भुकटी विषारी आहे. फुंकू नका, सुकी झाडू नका. हातमोजे आणि मास्क घालून सैनिक ओला करा आणि साबणाच्या पाण्यात टूथब्रशने घासा. हे स्वयंपाकघराच्या मोरीत किंवा विहिरीच्या कट्ट्यावर करू नका. पाणी जुन्या प्लॅस्टिकच्या बरणीत साठवा, परसात ओतू नका. भुकटी रंगाखालून फुगत असेल तर तिथला रंगही काढावा लागेल. पूर्ण सुकल्यावर सगळीकडून, बुडालाही, प्रायमर द्या. धातूच बोटाखाली चुरत असेल, तर तो सैनिक वाचणार नाही. बाकीच्यांपासून वेगळा करा. उरलेले काच-धातूच्या कपाटात, हवा खेळती ठेवून, नातवंडांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा.